मुठीएवढं पांढरं

सलूनवाल्यानं कंगव्यानं मानेवरचे केस वर उचलले आणि त्याची कात्री थांबली. कात्री अशी मध्येच थांबली की खुर्चीतल्या माणसाचा हात चादरीखालून कानाकडे निघतो. कान जाग्यावर आहे ना, एवढंच आधी मनात येतं. त्यानं समोरच्या आरशात पाहिलं. सलूनवाला मान तिरकी करून त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे निरखून बघत होता.

"साहेब, आतापर्यंत कलप कोण लावायचं तुम्हाला?"

"घरीच. म्हणजे बायको लावायची."

"तरीच. त्यांनी ही बट सोडलीय."

"कुठली बट?"

"ही." उजव्या कानामागे, जरा वरच्या अंगाला, एक गार बोट टेकलं. "बाकीच्या केसांची नुसती मुळं पांढरी आहेत, दोनेक महिन्यांची वाढ. पुढे रंग आहे. ही मात्र मुळापासून टोकापर्यंत पांढरी. हिला कधी रंग लागलेलाच नाही. आणि कडा बघा कशी नीट आहे. चुकून राहिलं तर असं राहत नाही, हे दर वेळी जपून सोडावं लागतं." मग बाकावर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांकडे एक नजर टाकून तो म्हणाला, "लावू ना इथंही?"

गळ्यापर्यंत चादर बांधून बसलेल्या माणसाची बुद्धी तशीही अर्धीच चालते. बाकावरचा एकजण वर्तमानपत्र खाली करून बघत होता. "लावा की," तो म्हणाला, "त्यात विचारायचं काय." ब्रश त्या जागी फिरला, गार आणि ओला. अर्ध्या तासानं डोकं धुऊन झाल्यावर सलूनवाल्यानं मागे हातातला आरसा धरला, झालं बघा एकसारखं. कलपाच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या डोक्याची मागची बाजू पाहिली, आणि पाहायचं होतं ते तोवर बुजून गेलं होतं.

आता यात गंमत अशी की हा माणूस नकाशे काढणारा. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात तो आरेखक होता, म्हणजे जमिनीखालून कुठला नळ कुठून कुठे जातो, किती खोल, किती व्यासाचा, हे कागदावर उतरवणं हे त्याचं काम. अर्ध्या मिलिमीटरची चूक त्याला टेबलाच्या पलीकडून दिसायची. नव्या पोरांच्या नकाशावर बोट ठेवून तो म्हणायचा, ही रेषा हलली आहे, आणि रेषा हललेलीच असायची. आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यावर, कानामागे चार बोटांवर, सव्वीस वर्षं एक पांढरी जागा होती आणि त्याला तिचा पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पण त्याची तरी काय चूक? बायको शिवणकामाची, कात्री तिच्या हातात शोभायची, आणि घरातल्या सगळ्यांचे केस तीच कापायची. सलूनची पायरी चढायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. फोटो काढतात ते समोरून. आरसा असतो तो समोर. माणसाची पाठ ही दुसऱ्यांनी बघायची गोष्ट आहे.

दर तिसऱ्या रविवारी, सकाळचा चहा झाला की ती न्हाणीघरात स्टूल ठेवायची. खांद्यावर जुना टॉवेल, कपाळाला आणि कानांच्या पाळ्यांना बोटभर तेल, म्हणजे कातडीला डाग पडत नाही. चिनीमातीच्या कडा उडालेल्या वाटीत ती कलप कालवायची. हा रंगही तिनंच निवडलेला. पहिल्या खेपेला त्यानं काळा कुळकुळीत आणला होता, तर तिनं ती डबी त्याच्या कानाशी धरून पाहिली आणि म्हणाली, "नको. यानं माणूस लबाड दिसतो." मग ती स्वतः जाऊन गडद तपकिरी घेऊन आली. तोच रंग पुढे सव्वीस वर्षं. सुरुवात मागून व्हायची. मानेपासून वर, मग डावा कान, मग उजवा. उजव्या कानामागे आलं की तिचा हात क्षणभर थांबायचा. त्याला वाटायचं, ब्रश वाटीत बुडवतेय. तो डोळे मिटून बसायचा, नाकात तो उग्र वास, आणि ती मागे उभी. आता ती दोन महिन्यांपूर्वी, भर दुपारी, मशीनवर बसल्याबसल्याच गेली. सुईखाली कुणाच्या तरी झग्याची बाही तशीच होती. आणि तो घरी येऊन न्हाणीघरात उभा होता, एक आरसा भिंतीवर, एक हातात, आणि दोन्ही आरशांत त्याला गडद तपकिरी, एकसारखं, कुणाचंही असू शकेल असं एक डोकं दिसत होतं.

तिला आळस म्हणावा, तर साडेचारशे वेळा कुणी एकाच जागी आळस करत नाही. विसर म्हणावा, तर विसराला अशी नीट कड नसते. उरलं एकच. तिनं त्याची फजिती केली. ऑफिसात रुबाबात वावरणाऱ्या, डोक्याला रंग लावून वय लपवणाऱ्या नवऱ्याच्या मागे तिनं एक पाटी लावून ठेवली, आणि रोज सकाळी दारात उभी राहून ती पाटी जिना उतरताना बघत राहिली. केसानं गळा कापणं म्हणजे काय, हे त्याला सत्तावन्नाव्या वर्षी कळत होतं. पण लगेच मन उलटं फिरायचं, कारण ती तशी नव्हती. तिचा राग यायचा तो तोंडावर, भांडं आपटून, आणि संध्याकाळपर्यंत संपायचा. मग हे सव्वीस वर्षं कसं टिकलं? बाकी काही नको, एवढंच त्याला कळायला हवं होतं: त्याच्या पाठीमागे उभं राहून ती त्याच्याकडे बघायची, ती कुठल्या नजरेनं? आणि हे विचारायला घरात आता शिवणयंत्राशिवाय कुणी नव्हतं.

सोमवारी ऑफिसात शिपायानं पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला आणि तो तिथंच घुटमळला.

"साहेब, कोर गेली?"

"कसली कोर?"

शिपायाची जीभ चावली गेली असावी. "चंद्रकोर. म्हणजे तुमची ती मागची. आम्हाला वाटायचं जन्मखूण आहे."

म्हणजे चंद्रकोर ही होती तर. हा शब्द त्यानं त्या खोलीत पंधरा वर्षं ऐकला होता. चंद्रकोर आली का, चंद्रकोरीला विचारून घ्या. त्याला वाटायचं मुख्य अभियंत्याच्या टकलावरून चाललंय, आणि तोही मनापासून हसायचा. त्याचं टेबल सगळ्यांच्या पुढे, खिडकीशी, उजेडासाठी. मागे नऊ माणसं. नऊ माणसांनी त्याची बट रोज आठ तास पाहिली होती आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. त्याला मान ताठ ठेवून बसावंसं वाटलं, आणि मग वाटलं, आता ताठ ठेवून काय दाखवायचं आहे. कानामागची ती जागा सकाळपासून गार पडली होती. तिथं कुणी फुंकर घालत असावं तसं वाटत होतं. दोनदा त्यानं वळून पाहिलं. मागची मुलगी दचकली.

ती मुलगी नवीन होती, सहा महिन्यांची. जुन्या भागाचा नकाशा ती नव्यानं काढत होती, आणि दुपारी तिनं तो त्याच्यापुढे आणून ठेवला. नकाशा स्वच्छ होता. जरा जास्तच स्वच्छ. "इथली वाहिनी कुठे गेली?" त्यानं विचारलं. "ती बंद आहे ना सर. तीस वर्षांपूर्वीच बंद झालीय, म्हणून काढून टाकली." आता हे त्याचं पेटंट भाषण होतं, प्रत्येक नव्या माणसाला तो हसत द्यायचा: बंद पडलेला नळ पुसायचा नसतो, तुटक रेषेनं दाखवायचा असतो, उद्या खणणाऱ्याला कळायला हवं की खाली काय आहे. पण आज भाषण तोंडातून निघेना. "तुम्ही पुसलात म्हणून तो जमिनीतून जात नाही," एवढंच तो म्हणाला, आणि आवाज असा चिरका निघाला की नऊच्या नऊ माना वर झाल्या. मुलीचे डोळे भरून आले. तो उठून जिन्यात जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी त्यानं स्वतःच्या मुलीला फोन लावला. मुलगी चोवीस वर्षांची, दुसऱ्या शहरात नोकरीला, आईसारखीच तुटक बोलणारी. इकडचं तिकडचं झालं, जेवलात का, औषध घेतलं का. मग तो म्हणाला, "माझ्या डोक्यामागे एक पांढरी बट होती. तुला माहीत होतं?"

तिकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"हो, बाबा."

"कधीपासून?"

"मी अगदी लहान असल्यापासून. तुम्ही खाली बसून वर्तमानपत्र वाचायचात तेव्हा मला दिसायची. मी आईला विचारलं होतं, बाबांचं तेवढंच का राहिलं. ती म्हणाली, ती जागा माझी नाही."

"मग कुणाची?"

"ते नाही सांगितलं. म्हणाली, बाबांना विचारायचं नाही. मग मी नाही विचारलं." मग ती म्हणाली, "आपल्या घरात काही गोष्टी विचारायच्या नसतात, हे मला फार लवकर कळलं होतं, बाबा."

फोन त्याच्या डाव्या हातात होता. उजवा हात त्यानं उचलला नव्हता, तो आपोआप वर गेला, कानामागे, आणि तिथले केस मुठीत आले. मूठ वळली. आणि मोठ्या माणसाच्या त्या मुठीच्या आत, सगळ्या बाजूंनी जागा सोडून, दुसरी एक मूठ होती. तेवढीच. बरोब्बर तेवढीच. मुलगी तिकडून बाबा, बाबा म्हणत होती. "आहे मी," तो म्हणाला, "नंतर करतो," आणि जिथं उभा होता तिथंच, मशीनच्या स्टुलावर, खाली बसला.

त्याला एक मुलगा होता. मुलीच्या आधी. घरात त्याला मुंगळा म्हणायचे, कारण एकदा चिकटला की तुटेल पण सुटायचा नाही. आईचा पदर, दाराची कडी, बापाची मान, जे हाती लागेल ते. खांद्यावर बसला की त्याचा एक हात बापाच्या कपाळावर असायचा आणि दुसऱ्या हातानं उजव्या कानामागचे केस धरलेले. लगामच तो. डावीकडे वळायचं असलं की ओढायचा. चार वर्षांचा असताना त्याला तीन दिवस ताप आला, आणि चौथ्या दिवशी सकाळी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. गल्लीत गाडी येईना, कारण रस्ता नळासाठी खणलेला. खणलेला म्हणजे त्यानंच काढलेल्या नकाशाबरहुकूम. मग चालत निघाले. कडेवर घेतलं की पोर रडायचं, खांद्यावरच हवं. खांद्यावर घेतलं. कपाळावरचा हात तव्यासारखा भाजत होता आणि कानामागे मूठ एवढी आवळलेली की डोळ्यांत पाणी आलं. "अरे मुंगळ्या, उपटशील," तो म्हणाला. त्याच्याशी बोललेलं ते शेवटचं. मातीचे ढीग, चरांवर टाकलेल्या फळ्या, मागून बायको पाण्याची बाटली घेऊन. औषधाच्या दुकानाशी आल्यावर ती मूठ सैल झाली. हळूहळू, एकेक बोट. त्याला केवढं बरं वाटलं. तीन रात्री पोर झोपलं नव्हतं. त्यानं मागे न वळता बायकोला हळूच सांगितलं, "झोपला." आणि पावलं हळू केली. झोपमोड होऊ नये म्हणून. फळीवरून जाताना तर तो इतका जपून चालला की मागचे लोक खोळंबले. दवाखान्याच्या पायऱ्याही त्यानं एकेक करून, धक्का न देता चढल्या. मग आतल्या नर्सनं मुलाला खांद्यावरून उतरवून घेतलं, आणि तिचा चेहरा.

डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आला असतात तरी फरक पडला नसता. डॉक्टर असं सगळ्यांनाच म्हणतात. आठ महिन्यांत त्याचं डोकं पांढरं झालं, एकतिसाव्या वर्षी. हे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत, असं माणसं मिशीला पीळ देऊन म्हणतात. त्याचे खरोखरच उन्हात झाले होते, त्या एका सकाळच्या. लोक बघायचे, हळहळायचे, आणि मग विचारायचे. ते विचारणं त्याला सोसेना. एका रविवारी त्यानं मुलाचे कपडे, खेळणी, फोटो सगळं एका पेटीत भरलं, बायकोला म्हणाला, "या घरात यापुढे तो विषय नको," आणि जाऊन कलपाची डबी घेऊन आला. काळ्या कुळकुळीत रंगाची. तिनं ती बदलून आणली. तिनं स्टूल ठेवलं आणि मागून सुरुवात केली.

मागून चालणारी ती होती. त्याला फक्त बोटं सुटत गेलेली कळली होती. तिनं ती सुटताना पाहिली होती. झोपला असं तो म्हणाला तेव्हा तिलाही तसंच वाटलं असेल का? की तिला तेव्हाच कळलं होतं, आणि पुढे जपून जपून पाऊल टाकणाऱ्या नवऱ्याला ती सांगू शकली नाही? मग दर तिसऱ्या रविवारी त्या जागेशी तिचा हात थांबायचा तो कशानं? तू हळू चाललास, हे ती सव्वीस वर्षं त्याच्या डोक्यावर लिहीत होती, की पोराच्या हाताला कलप लागू नये म्हणून ब्रश बाजूनं नेत होती? तो अंधार पडेपर्यंत स्टुलावर बसून राहिला. दिवा लावायलाही उठला नाही. त्याला वाटलं, दोन्ही असेल. एवढ्या वर्षांच्या संसारात दोन्ही मावतं. पण त्यानं परवाच, बाकावरच्या दोन परक्या माणसांना लाजून, लावा की, विचारायचं काय, असं म्हटलं होतं, आणि ते मात्र एकाच अर्थाचं होतं. तो रडला. आवाज करून रडला, आणि शेजारी ऐकतील म्हणून तोंडावर धरलेला कपडा तिनं शिवायला घेतलेला कुणाचा तरी झगा निघाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता तो सलूनमध्ये गेला. "ती बट परत पांढरी करून द्या."

सलूनवाल्यानं असली मागणी कधी ऐकली नसावी. तरी त्यानं रंग उतरवायचं औषध लावलं. सगळ्या दुकानात कुजक्या अंड्यांचा वास सुटला. दोनदा धुतलं, तिसऱ्यांदा लावलं. कपाळावर घाम आलेल्या सलूनवाल्यानं शेवटी मागे आरसा धरला. बट तांबडी झाली होती, गंजलेल्या नळासारखी.

"यापुढे नाही जात, साहेब. आणखी लावलं तर केस तुटेल. एकदा रंग प्यालेला केस पहिल्यासारखा होत नाही. आता मुळातून येईल तेवढंच खरं. महिन्याला अर्धा इंच, तोही तुमच्या वयात कमीच. त्यापेक्षा कलप सोडूनच द्या की. सगळंच पांढरं होऊ दे, झंझट मिटेल."

हा सल्ला चांगला होता आणि तो त्यानं घरापर्यंत डोक्यात घोळवला. पण सगळंच पांढरं झालं की ती बट त्यात हरवणार. पांढऱ्यात पांढरं कुणाला दिसतं? म्हणजे ती जागा ठेवायची तर बाकी सगळ्या डोक्याला रंग लावत राहणं भाग होतं. ज्या कलपानं त्यानं पोराला झाकलं, त्याच कलपानं आता पोराची जागा दाखवायची होती. हे बायकोला पहिल्याच रविवारी कळलं असणार. ती कात्रीची माणूस. कापड किती सोडायचं हे तिला ठाऊक होतं.

मग तो वाट बघायला लागला. ऑफिसातली मोजपट्टी घरी आणली. दर रविवारी दोन आरशांमध्ये मान वाकडी करून तो मोजायचा. चार मिलिमीटर. सात. बारा. कधी कधी चालताना कानामागे किंचित ओढ लागायची, डावीकडे वळ म्हणून, आणि तो खरोखरच डावीकडे वळायचा, मग दोन गल्ल्या उलट्या चालून घरी यायचा. दचकणं मात्र थांबलं होतं. ऑफिसात त्यानं त्या मुलीची माफी मागितली आणि तिच्याशेजारी बसून बंद वाहिन्या एकेक करून तुटक रेषेनं काढायला शिकवल्या.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी त्याची मुलगी आठवडाभरासाठी घरी आली. तो सलूनला निघाला तर ती म्हणाली, मी पण येते, घरात बसून काय करू. ती बाकावर एक जुनं मासिक चाळत बसली. सलूनवाल्यानं चादर बांधली, कलप कालवला, आणि कानामागची बट बोटानं बाजूला केली. मुळाशी चांगलं बोटभर पांढरं आलं होतं, पुढे तांबडी टोकं.

"टोकं कापू?"

"राहू दे."

"बरं. हिला लावायचा नाही, लक्षात आहे माझ्या." ब्रश मानेवरून फिरायला लागला. सलूनवाला स्वभावानं बोलका. "एक विचारू, साहेब? कुणासाठी ठेवलीय ही?"

"माझ्या मुलाची आहे."

"अच्छा. काय करतो मुलगा?"

"चार वर्षांचा आहे," तो म्हणाला.

ब्रश थांबला. सलूनवाल्यानं आरशातल्या सत्तावन्न वर्षांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो वाटीतला कलप पुन्हा कालवायला लागला. आरशातच, मागे, मुलीच्या हातातलं मासिक खाली आलेलं त्याला दिसलं. ती त्याच्याकडे बघत होती, आईसारखी, मागून. आज त्याला ती नजर दिसत होती. तिच्यात हसू नव्हतं आणि रागही नव्हता. ती फक्त वाट बघत होती, आणि किती वर्षं बघत असावी.

ती उठून खुर्चीमागे आली.

"नाव काय त्याचं, बाबा?"

सव्वीस वर्षांत तो शब्द त्यानं उच्चारला नव्हता. "मुंगळा," तो म्हणाला. "मुंगळा म्हणायचो आम्ही त्याला. धरलं की सोडायचा नाही."

बाकीचं सांगायला अख्खी संध्याकाळ पडली होती, आणि घरी ती पेटीही होती. ती सलूनवाल्याला म्हणाली, "तुम्ही लावा रंग, मी हे धरून ठेवते," आणि तिनं ती बट कलपापासून वाचवायला मुठीत घेतली. सलूनवाला मुठीच्या कडेकडेनं जपून ब्रश फिरवू लागला.

"दुखतंय का, बाबा? जोरात धरलंय का मी?"

"नाही," तो म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले होते. "अजून जोरात धर."